तळातला गारवा

ये, जवळ सरक. दाराशी वारा लागतो. इकडे भिंतीला टेकून बैस आणि हातातलं काम घटकाभर राहू दे. एक गोष्ट सांगायची आहे. देवाचं नाव घेऊन सांगते, म्हणजे जीभ वाकडी वळायची नाही. गोष्ट गॅसची आहे. हसू आलं ना? येऊ दे. पुढे पुढे येणार नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला दोन भावंडं राहत. थोरली बहीण, तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, आणि तिच्या पाठचा धाकटा. आईबाप लवकर गेले. अक्कानेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, आणि तो जहाजावर कप्तान झाला तेव्हा गल्लीभर साखर वाटली. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एक पोर वाढवलं, पुरे झालं. दुसरं इतकं शहाणं निघेल याची काय खात्री?"

आमचा भाग तेव्हा अगदी उजाड. खारट जमीन, काटेरी झुडपं, प्यायचं पाणी टँकरने. हंडे घेऊन भांडणं व्हायची, तीही रोजची. मग जमिनीखाली गॅस सापडला. काटेरी झुडपांच्या मुळाशी देवाने काय जपून ठेवलं होतं ते त्याचं त्यालाच माहीत! पण आमच्या एवढ्याशा मुलखात तो खपणार किती? गिऱ्हाईक सगळं समुद्रापलीकडे. म्हणून किनाऱ्यावर कारखाना उभा राहिला, धक्का बांधला, कंपनी निघाली. अक्का त्या कंपनीत विक्री बघायची, आणि बघता बघता विक्रीची प्रमुख झाली. धाकटा कंपनीच्याच जहाजावर. लोक म्हणायचे, "बहीण विकते, भाऊ पोचवतो. घरचं दुकानच की!"

आता जरा थांबून हे समजून घे, गाणारा चाल सोडून मध्येच दोन शब्द समजावतो ना, तसं. गॅस म्हणजे हवाच. हवा पोत्यात भरून कशी न्यायची? तर तिला थंड करायचं. इतकं थंड की तिचं पाणी व्हावं. मग सहाशे खोल्या भरतील एवढं एका खोलीत मावतं. ते पाणी जहाजाच्या टाक्यांत भरायचं आणि पलीकडे नेऊन पुन्हा त्याची हवा करायची. नेताना थोडं वाफ होऊन उडत राहतंच. त्या वाफेवर जहाजाचं इंजिन चालतं.

आणि या धंद्यात एक रीत आहे, ती नीट ध्यानात घे. माल उतरवताना टाकी कधी कोरडी करायची नाही. तळाला थोडा माल राखायचा. परतीच्या वाटेवर तोच थोडा थोडा आतल्या भिंतींवर फवारायचा, म्हणजे टाकी थंड राहते, आणि जहाज घरी आलं की लगेच भरून घेता येतं. टाकी एकदा का तापली, की तिच्यात एकदम थंड माल ओतता येत नाही. पोलादाला तडा जायचा. मग तिला सावकाश, बाळाला अंघोळीच्या पाण्याची सवय करतात तशी, गारव्याची सवय करावी लागते. तळाला राखलेल्या त्या मालाला जहाजावरचे लोक नुसतं "तळ" म्हणतात. धाकटा सुट्टीवर आला की सांगायचा, "अक्का, जहाज रिकामं परत येतं असं तुमच्या कचेरीतल्या लोकांना वाटतं. जहाज रिकामं कधीच नसतं. पुढचं घेण्यापुरतं मागचं काहीतरी असतंच."

"बरं बरं, बुवा," अक्का म्हणायची, "आता जेवा."

कंपनीची गिऱ्हाइकं दोन तऱ्हांची. काहींशी वर्षानुवर्षांचे करार: इतकी जहाजं, ठरल्या वेळी, ठरल्या भावाने. उरलेला माल खुल्या बाजारात, ज्या दिवशी जो भाव असेल त्याने. करारवाल्यांत सगळ्यांत लहान गिऱ्हाईक एक बेट. तिथे एकच वीजघर, तेही आमच्या गॅसवर चालणारं. जहाज गेलं की बेटाची टाकी भरायची, आणि ती संपत आली की दुसरं जहाज. कंपनीच्या हिशेबात बेट म्हणजे चिल्लर. पण तो करार अक्काने स्वतः केलेला, पहिलावहिला, म्हणून तिचा त्याच्यावर जीव.

बेटावरच्या वीजघराचा मुख्य माणूस फार गमतीचा होता. त्याला सगळे दिवेवाले म्हणत. आमच्या धक्क्यावरून जहाज सुटायच्या दिवशी त्याचा फोन ठरलेला.

"ताई, निघालं का?"

"निघालं, दिवेवाले."

"मग मी जेवायला बसतो." आणि मागे वळून हाक मारायचा, "अगं, वाढ गं!"

फोनमध्ये मागून त्याच्या बायकोचा आवाज यायचा, थोडा दमलेला, पण तिखट. "ताईंना सांगा, जहाज जरा सकाळीच सोडत जा. तुमच्या वाटेवर डोळे लावून माझं जेवण निवतं!"

"ऐकलंत?" दिवेवाले म्हणायचे. "बेटाचा अंधार परवडला, पण ही नको."

"वहिनींना सांगा," अक्का म्हणायची, "पुढच्या वेळी गरम गरम जेवाल."

त्या आवाजाच्या मागे कसलीतरी घरघर असायची, बारीक, एकसारखी. कुठलंसं घरातलं यंत्र असेल. अक्काने कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं. अक्का आणि त्या वहिनी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण दोघी एकमेकींच्या घरातल्या झाल्या होत्या. वहिनींनी एकदा जहाजावरच्या माणसाबरोबर अक्कासाठी हाताने विणलेला मोजा पाठवला. एकच. चिठ्ठीविठ्ठी नाही. दिवेवाल्यांनी फोनवर खुलासा केला, "दुसरा पुढच्या जहाजाबरोबर देणार आहे म्हणे. म्हणजे तुम्ही जहाज पाठवायला विसरणार नाही!" आणि खरोखर, दुसरा मोजा पुढच्या जहाजाबरोबर आला.

मग ते साल आलं. दूरच्या एका मोठ्या देशाला शेजाऱ्याकडून जमिनीखालच्या पाइपातून गॅस मिळायचा. दोघांचं बिनसलं आणि पाइप बंद झाला. थंडी तोंडावर. तो देश समुद्रावर आला आणि दिसेल ते जहाज विकत घ्यायला लागला. भाव असे चढले की कंपनीत भाव बघायला बसणारा मुलगा, त्याला सगळे भाववाला म्हणायचे, त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"बाई, संगणकाचा पडदा बिघडलाय का बघा हो."

"पडदा ठीक आहे," अक्का म्हणाली. "जग बिघडलंय."

कंपनीच्या साहेबांनी त्याच दिवशी बैठक बोलावली. लांबलचक टेबल, गार झालेला चहा, भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्यावर जहाजांचे ठिपके. साहेब माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगते. त्यांचीही आई टँकरच्या रांगेत उभी राहिलेली. ते म्हणाले, "बाई, आपला गॅस काही जन्मभर पुरणार नाही. विहिरी आटतील तेव्हा हा मुलूख पुन्हा काट्यांचा होईल. एकदाच असा भाव येतो. या थंडीत जे मिळेल त्यातून धरणापासून घरोघर पाण्याचा नळ येईल, मंत्रालयाने लिहून दिलंय. खुल्या बाजाराचा सगळा माल तिकडे लावलाच आहे. आता बेटाचं जहाजही वळवा."

"बेटाशी करार आहे, साहेब."

"करारात दंडाचं कलम आहे. दंड भरू. सगळं जग भरतंय."

"दंडावर दिवे लागत नाहीत."

भाववाला हसला, पण साहेब हसले नाहीत. "आणि तुमच्या गल्लीत हंड्यावर डोकी फुटतात, ती?"

आदल्याच आठवड्यात आमच्या गल्लीत टँकरपाशी एका म्हाताऱ्याचा हात मोडला होता, आणि त्याला रिक्षात घालून अक्कानेच नेलं होतं. दोन्हीकडे माणसंच होती. नकाशावरचे ठिपके मोजत तिने स्वतःच वाट काढली. बेटाला जायचं धाकट्याचं जहाज भरून तयार होतं. ते आधी मोठ्या देशाला पाठवायचं. तिथे माल उतरवून ते तडक परत यायचं, भरायचं आणि बेटाकडे निघायचं. बेटाची खेप चुकणार नाही, फक्त उशिरा पोचेल. बेटाच्या टाकीत आहे ते काटकसरीने वापरलं तर तेवढे दिवस निघतील. शब्दही राहील आणि नळही येईल.

साहेब म्हणाले, "बघा, म्हणून तुम्ही त्या खुर्चीवर आहात."

तिने स्वतः दिवेवाल्यांना फोन लावला. सगळं खरं खरं सांगितलं, भावसुद्धा. पलीकडे फक्त ती घरघर.

"ओढेन, ताई," ते म्हणाले. "रस्त्यावरचे दिवे बंद करतो, कारखान्याला पाळ्या लावतो. पण त्याच्या पुढे नाही निघायचं. टाकीला तळ असतो."

"शब्द देते, दिवेवाले. त्याच्या पुढे नाही जाणार."

"तुम्ही दिलात ना? मग झालं." आणि मागे वळून म्हणाले, "अगं, ताई शब्द देताहेत."

"शब्द गरम करून वाढू का तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या. तिघंही हसली. ते हसणं अक्काच्या कानात अजून आहे.

जहाज गेलं, पोचलं, माल उतरू लागला. तेव्हा धाकट्याचा फोन आला. आवाज कप्तानाचा, भावाचा नव्हे.

"अक्का, इथले लोक तळ मागताहेत."

"म्हणजे?"

"तळ म्हणजे तळ! टाक्या पार कोरड्या करून द्या म्हणतात. इथे शेगड्या विझताहेत, एक बादलीसुद्धा सोडायला तयार नाहीत. साहेबांशी बोलणं झालंय म्हणे. साहेब म्हणाले, बाईंना विचारा."

साहेब तेव्हा अक्काच्या दारातच उभे होते. त्यांनी फक्त खांदे उडवले, म्हणजे तुम्ही ठरवा.

"तळ दिला तर काय होईल?" तिने विचारलं. तिला माहीत होतं. तरी विचारलं.

"तुला माहीत आहे. टाक्या तापतील. घरी येऊन आधी थंड करत बसावं लागेल, धक्का अडवून. मागे दुसरं जहाज लागलेलं असेल तर ते आपल्याला बाजूला काढतील. अक्का, मला हे बरं दिसत नाही."

तिने नकाशा पाहिला. मागच्या जहाजाला यायला अवकाश होता. हवा चांगली होती. सगळं वेळेवर झालं तर टाक्या थंड करूनही बेटाला दिलेल्या मुदतीत बसत होतं. अगदी काठोकाठ, पण बसत होतं. तिकडे थंडीत कुडकुडणारी लेकरं, इकडे नळ. तिने मनात आकडे पुन्हा जुळवले. जुळले. इतकी वर्षं तिने जुळवलेले आकडे कधी चुकले नव्हते.

"दे," ती म्हणाली.

"अक्का—"

"दे म्हटलं ना! मी बघते इकडचं."

"जशी आज्ञा," धाकटा म्हणाला. इतक्या वर्षांत बहिणीला त्याने हे शब्द कधी वापरले नव्हते.

जहाज तळ देऊन परत निघालं. आणि ही वाट अशी असते बघ, की जाताना जे बळ असतं ते येताना नसतं. उडत्या वाफेवर चालणारं इंजिन आता नुसत्या तेलावर, सावकाश. आतल्या भिंती दिवसागणिक तापत गेल्या. इकडे मागचं जहाज, कोणाचा तरी वाढीव माल न्यायचा म्हणून घाईने, ठरल्यापेक्षा आधी धक्क्याला येऊन लागलं. भाव चढला की सगळ्यांनाच पाय फुटतात. धाकट्याचं जहाज आलं तेव्हा धक्का भरलेला. थंड टाक्यांचं असतं तर त्याला आधी घेतलं असतं, झटकन भरून वाटेला लावलं असतं. पण तापलेलं जहाज म्हणजे धक्क्याची अडवणूक. बंदरवाल्यांनी त्याला बाहेर नांगरून ठेवलं.

आणि त्याची पाळी आली, टाक्या थंड करायला सुरुवात झाली, तोच समुद्र उठला. लाटा धक्क्यावरून आत यायला लागल्या. माल भरायचे लोखंडी हात, म्हणजे धक्क्यावरून जहाजाला जोडलेले मोठे नळ, सोडवून घ्यावे लागले, जहाज पुन्हा खोल पाण्यात. बंदर बंद. कचेरीच्या काचेवर खारं पाणी आपटत होतं आणि अक्का तिथे उभी. भाववाला हळूच म्हणाला, "बाई, बसा तरी."

"बसून काय समुद्र बसणार आहे?"

साहेबांनी दुसरीकडून जहाज मागवायचा प्रयत्न केला, मनापासून केला. पण त्या थंडीत समुद्रावर विकत मिळेल असं एकही जहाज नव्हतं. सगळी मोठ्या देशाकडे तोंड करून.

दिवेवाल्यांचा फोन यायचा. "ताई, निघालं का?"

"नाही हो."

"बरं." एवढंच. ना राग, ना टोमणा. आधी रस्ते अंधारले, मग कारखाना बंद, मग घरांना पाळ्या. शेवटी बेटाची टाकी तळाला लागली. मग जुनं डिझेलचं इंजिन तेवढं उरलं, दवाखान्यापुरतं आणि पाण्याच्या पंपापुरतं, आणि त्यातून उरलेली थोडी वीज गल्लीगल्लीला फिरवून. लोक वीजघराच्या फाटकाशी येऊन ओरडायचे, आणि दिवेवाले पायरीवर उभे राहून सांगायचे, "जहाज येतंय. ताईंनी शब्द दिलाय." पहिल्यांदा लोकांनी ऐकलं. नंतर कुणीतरी चप्पल फेकली.

एकदा अक्काच्या ध्यानात आलं की फोनमागची ती घरघर आता ऐकू येत नाही. वहिनींचा आवाजही नाही. तिला वाटलं, दिवेवाले कचेरीतून बोलत असतील.

समुद्र बसला, जहाज भरलं. अक्का म्हणाली, "मी जाते बरोबर." साहेबांनी परवानगीच्या कागदावर स्वतःच सही केली. ज्या दिवशी जहाज सुटलं, त्या दिवशी तिनेच बेटाला फोन केला. "दिवेवाले, निघालं. मीपण निघाले."

"या," ते म्हणाले. आणि मागे वळून कुणाला हाक मारली नाही.

जहाजावर धाकटा नकाशाच्या टेबलाशी, ती खिडकीशी. एकदाच तो म्हणाला, "मी नाही म्हणायला हवं होतं."

"तू म्हणालास. मी ऐकलं नाही."

"मोठ्याने म्हणायला हवं होतं."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी ताप आला की ठेवायची तसा.

बेट दिवसाउजेडी दिसलं. पांढरी घरं, वर डोंगरावर वीजघराची चिमणी, तिच्यातून धूर नाही. धक्क्यावर गर्दी होती पण आवाज नव्हता. माल उतरवायचे लोखंडी हात जोडायला स्वतः दिवेवाले आलेले. अक्काने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. ठेंगणा, टकला माणूस, शर्टाची वरची गुंडी तुटलेली. त्यांनी आधी जोडणी तपासली, हातमोजे काढले आणि मग तिला नमस्कार केला.

ती रोजचंच बोलली. "दिवेवाले, आता तरी जेवाल ना?"

"जेवतो ना, ताई," ते म्हणाले. "शेजारून येतं ताट. वाढणारी गेली."

लाटा धक्क्याच्या खांबांवर आपटत होत्या. धाकट्याने टोपी काढली.

नंतर त्यांनी तिला घरी नेलं. दोन खोल्या, लखलखीत स्वच्छ. खिडकीशी पलंग, आणि पलंगाशेजारी ते यंत्र, गुडघ्याएवढं, पांढरं, नळी गुंडाळून वर ठेवलेली. वहिनींची फुप्फुसं जुन्या आजाराने गेलेली. ते यंत्र हवेतून प्राणवायू वेगळा काढून त्यांना द्यायचं. त्याचीच ती घरघर. इतकी वर्षं अक्का फोनमागे जो आवाज ऐकत होती, तो त्या बाईचा श्वास होता.

दिवेवाले खिडकीकडे बघत सांगत होते, जसं दुसऱ्याच कुणाचं सांगावं. म्हणाले, दवाखान्याच्या तारेवर आमचं घर जोडायचं माझ्या हातात होतं. एक खटका. लोकांनीही म्हटलं, जोडा. पण ही म्हणाली, "पाळ्या तुम्ही लावल्यात. आपल्याच खिडकीत उजेड दिसला तर उद्या तुमचं कोण ऐकेल?" मग तिला दवाखान्यात नेलं. तिथे खाट मिळाली. शेजारी एक बाळंतीण जमिनीवर. हिने खाट तिला दिली आणि मला म्हणाली, "घरी चला, प्राणवायूचा सिलिंडर आहे ना." सिलिंडर होता. एक संपला, दुसरा आणला. सिलिंडर भरायचं यंत्रही विजेचंच. मी वीजघरात होतो. पाळी आमच्याच गल्लीची यायची होती.

"मला का नाही सांगितलंत?" अक्का म्हणाली. "एकदा तरी. इतक्या वेळा फोन केलात."

"तीच नको म्हणाली. म्हणाली, ताईंच्या जिवाला आधीच घोर आहे, त्यात माझी भर कशाला. त्यांनी काय समुद्र फुंकून विझवायचा?"

अक्का त्या पलंगाच्या काठावर बसली. उशाशी लोकरीचा गुंडा होता, सुया खुपसलेला. लहानसं काहीतरी विणायला घेतलेलं, त्या बाळंतिणीच्या पोरासाठी. अर्धवट. मग तिने सांगितलं, सगळं. म्हणाली, समुद्र उठला हे खरं, पण समुद्राच्या आधी मी तळ दिला, कप्तान नको म्हणत असताना दिला. तळ राखला असता तर वादळाच्या आधीच जहाज वाटेला लागलं असतं.

दिवेवाल्यांनी ऐकून घेतलं. "मग मी तुम्हाला काय म्हणू, ताई?" ते म्हणाले. "शिव्या देऊ? मला येत नाहीत. क्षमा करू? तेवढा मोठा मी नाही. तिला जमलं असतं." मग उठत म्हणाले, "चला, टाकी भरायला लागली असेल. दिवे लावायला जायचंय."

आणि ते गेले. अक्का त्यांच्यामागून. त्या संध्याकाळी बेटावर एकेक गल्ली उजळत गेली. त्यांची गल्ली, त्यांनी आपणच लावलेल्या पाळीप्रमाणे, अगदी शेवटी.

परत आल्यावर अक्काने राजीनामा लिहिला. साहेबांनी तो घेतला नाही. म्हणाले, "तुम्ही गेलात तर तुमच्या जागी येणाऱ्याला हे ठाऊक नसेल." ती राहिली. त्यानंतर तिने केलेल्या प्रत्येक करारात एक ओळ घातली: जहाजाचा तळ विकला जाणार नाही, भाव काहीही असो. मोठमोठे वकील त्या ओळीला हसायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने त्या एका ओळीपायी करार सोडला. सोडू दिला. पुढे भाव कोसळले, मोठ्या देशाने पाठ फिरवली, समुद्रावर माल इतका झाला की जहाजं गिऱ्हाइकाच्या शोधात भटकू लागली. तेव्हाही बेटाचं जहाज बेटाला ठरल्या वेळी जात राहिलं. धाकटाच नेतो. तळ राखून परत येतो.

आणि नळ आला. खोटं कशाला सांगू? घरोघर आला, आमच्या गल्लीत आता हंड्यावरून भांडणं होत नाहीत, त्या म्हाताऱ्याचा हात तसाच थोडा वाकडा राहिला, पण तो त्याच हाताने नळ सोडतो आणि देवाचे आभार मानतो. त्या पाण्यात त्या थंडीचा पैसा आहे. अक्का ते पाणी पिते. भांडं भरून झालं की तोटी पिळून पिळून बंद करते, एक थेंब गळू देत नाही, आणि मग थोडा वेळ तिथेच उभी राहते. मी तिला विचारत नाही. शेजारीण असून काही गोष्टी विचारायच्या नसतात.

जहाज सुटायच्या दिवशी फोन अजून येतो.

"ताई, निघालं का?"

"निघालं, दिवेवाले."

"बरं झालं," ते म्हणतात. पुढे काही म्हणत नाहीत. दोघंही फोन लगेच ठेवत नाहीत. पलीकडे आता अगदी शांत असतं, आणि अक्का ती शांतता ऐकत राहते, कुणाचं भजन ऐकावं तशी.

झाली गोष्ट. आता उठशील, घरी जाशील, दिवा लावशील, शेगडी पेटवशील. कुठून आलं ते, कोणत्या वाटेने आलं, हे रोज कोण विचारतं? मीही विचारत नाही. पण एवढं कर. ताट वाढताना, घास घ्यायच्या आधी, त्या माउलीला एकदा आठव. जिने आपल्या खिडकीत उजेड नको म्हटलं, जिने आपली खाट दुसरीला दिली, जिचं विणकाम अर्धं राहिलं. जेवण निवलं तरी चालेल. तेवढं आठव, आणि मग जेव.